दोरीच्या कड्यातलं फुलपाखरू

बालवर्गाच्या बाईंना किळस आईकडून मिळालेली. अंगणात अळी दिसली की आई किंचाळायची, आणि तिचं बघून याही किंचाळायला शिकल्या. शाळेत शिकवायला लागल्यावर मात्र त्यांनी ठरवलं, की आपली किळस पोरांच्या गळ्यात बांधायची नाही.

रोज सकाळी त्या पोरांना शाळेमागच्या मोकळ्या जागेत न्यायच्या. प्रत्येकाला दोरीचं एक कडं मिळे. ते जमिनीवर टाकायचं आणि आत दिसेल तेच चित्रात काढायचं. खोडरबर वर्गातच राही. पोरांना लिहिता येत नव्हतं, म्हणून ती सांगतील ते चित्राखाली बाई लिहायच्या, शब्दाला शब्द. गोगलगायीशी त्यांचं सख्य काही झालं नाही, पण पोरांशेजारी उकिडवं बसून तिच्याकडे बघण्याइतपत मजल त्यांनी मारली होती.

सध्या अख्ख्या वर्गाचा जीव लिंबाच्या झाडावरच्या एका कोषात अडकला होता. तो शोधला होता ठमीनं, वर्गातल्या सगळ्यात बुटक्या मुलीनं. कोष काळपट पडला होता आणि आतले पंख दिसायला लागले होते.

हे मुख्याध्यापिकांच्या कानावर गेलं आणि त्यांना चेव चढला. पालकांना बोलवू, निसर्ग दाखवू, म्हणाल्या. आता पाहुण्यांना दाखवायचा निसर्ग पारोसा कसा चालेल? कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी गवत कापून घेतलं, कोपरा न् कोपरा कीटकनाशकानं भिजवून घेतला, आणि लिंबाला चकचकीत पुठ्ठ्याची फुलपाखरं टांगली.

सकाळी बाई आल्या तेव्हा तो उग्र वास थेट घशात उतरला. कोषातलं फुलपाखरू बाहेर येऊन खाली पडलं होतं, पंख चुरगळलेले. मुंग्याही मेल्या होत्या, नाहीतर त्यांनी तरी ते उचलून नेलं असतं. वर पुठ्ठे झुलत होते. एवढं ओंगळ बाईंनी कुठल्या दगडाखालीही पाहिलं नव्हतं.

कार्यक्रम पुढे ढकला म्हणून त्यांनी सांगून पाहिलं. पोरांना काय कळतंय, म्हणत मुख्याध्यापिका पालकांच्या स्वागताला गेल्या. मग बाईंनी पोरांना झाडाजवळच्या फरशीवरच बसवलं, हात लावायचा नाही म्हणून बजावलं आणि दोरीची कडी स्वतःच जमिनीवर टाकली. ठमीचं कडं झाडाखाली पडलं.

"बाई, हे मेलंय का?" ठमीनं विचारलं.

मुख्याध्यापिका लगबगीनं पुढे आल्या. "झोपलंय ते, बाळा. हो की नाही, बाई?"

पालक बघत होते. नोकरी मुख्याध्यापिकांच्या हातात होती.

"हो," बाई म्हणाल्या. "झोपलंय."

म्हणाल्या खऱ्या, आणि स्वतःचीच इतकी शिसारी आली की त्यांना थुंकावंसं वाटलं.

मान खाली घालून ठमीनं चित्र काढलं. चुरगळलेले पंख काढले, पाय वर केलेल्या मुंग्याही काढल्या. मग कागद बाईंपुढे धरला.

"लिहा. फुलपाखरू मेलंय."

बाईंनी लिहिलं. मुख्याध्यापिका खांद्यावरून वाकून बघत होत्या. तेवढं बदला, असं त्या कानाशी पुटपुटल्या.

"अजून आहे," ठमी म्हणाली. "बाई म्हणतात, झोपलंय."

बाईंचा हात थबकला. मग त्यांनी तेही लिहिलं, शब्दाला शब्द, आणि कागद पालकांना दिसेल असा भिंतीवर लावला.