तीन वाजता परत येणारं नाव

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, तेव्हाही ठेवत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण ही गोष्ट ऐकली की लोक हळूच विचारतात, "पण तुम्हाला नक्की काय वाटलं?" वाटलं ते पुढे सांगणारच आहे.

वसईत होळी बाजाराजवळ छपाईच्या एका दुकानात मी लग्नपत्रिका टाईप करायचे. दुकान म्हणजे एक लांबट, खिडकी नसलेली खोली. मागे छपाईचं यंत्र, पुढे माझं टेबल, कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकांसाठी एक स्टूल. मालक साठीचे होते. यंत्रातलं त्यांना सगळं कळायचं आणि कॉम्प्युटरमधलं काहीच नाही, त्यामुळे ते त्याला हातही लावत नसत. सकाळी मीच तो चालू करायची आणि संध्याकाळी मीच बंद करायची.

पत्रिकेत सगळ्यात जास्त वेळ खाते ती खालची नावांची यादी. आजोबांपासून शेंडेफळापर्यंत सगळे 'आपले नम्र'. क्रम चुकला तर आत्या लग्नाला येणार नाही, चुलत्यांचं नाव राहिलं तर भाऊबंदकी उभी राहणार. एकेका घरात दर दोन-तीन वर्षांनी कार्य असतंच, मग मी दर वेळी ती चाळीस नावं का बडवावीत? प्रोग्राममध्ये सोय होती. यादी एकदा साठवायची, तिला दोन अक्षरांची खूण द्यायची. पुढच्या वेळी ती दोन अक्षरं टाईप करून वरचं एक बटण दाबलं की अख्खं खानदान पडद्यावर हजर. अशी शंभरेक घरं माझ्याकडे साठली होती. मला त्याचा फार तोरा होता.

अर्नाळ्याच्या एका घराची यादी मी केली ती त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाच्या वेळी. यादी सांगायला तिचा मोठा भाऊ आला होता. उंच, उन्हानं रापलेला, स्वतःची होडी असलेला. स्टुलावर बसेना, माझ्या खुर्चीमागेच उभा राहिला. पाठीमागे कोणी उभं राहिलेलं मला खपत नाही, त्यातून सुक्या बोंबलांचा वास. दोनदा सांगून पाहिलं, पण तो आपला पडद्यावर नावं उमटताना बघण्यात रमलेला. चौथं नाव त्याचं, पाचवं त्याच्या बायकोचं. मी बटण दाबून सगळी यादी एकदम आणून दाखवली तसा तो लहान मुलासारखा खूश झाला.

"म्हंजे आता माझा नाव ह्याच्यात कायम ऱ्हानार?"

"मी काढेपर्यंत," मी म्हटलं.

"मंग नका काढू," तो हसून म्हणाला.

पुढच्याच वर्षी त्याची होडी बुडाली. बरोबरचे तिघं दुसऱ्या होड्यांना सापडले. तो सापडला नाही, जिवंत नाही आणि मेलेलाही नाही.

त्यानंतर चार वर्षांनी त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि पत्रिकेचं काम घेऊन त्याचा धाकटा भाऊ आला. बरोबर बुडालेल्याची बायको होती. हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. ती बाजारात सुकी मासळी विकायची, तिची रिकामी पाटी तिनं दाराशी ठेवली. दिरानं खिशातून कागद काढला. थोरल्या भावाचं नाव 'आपले नम्र' मधून काढायचं, वरच्या मजकुरात घ्यायचं, आणि त्याच्या आधी 'कै.' लावायचं. वहिनीच्या नावाआधीचं 'सौ.' काढून 'श्रीमती' करायचं. त्यानं मागच्याच वर्षी दर्भाचा पुतळा करून भावाची क्रिया उरकली होती. बाई त्या दिवशी बाजारात मासळी विकत बसली होती, घरी गेलीच नाही, असं त्यानं तिच्यासमोरच मला सांगितलं.

"आता पत्रिकेत छापून आलं की गावात बोलायला जागा नाय," तो म्हणाला. "कन्यादान मी नि माझी बायको करनार. सगला रीतसर पायजे."

मला त्या माणसाचा राग आला, पण खरं सांगायचं तर तो वाईट नव्हता. भावाचं घर चार वर्षं तोच ओढत होता.

मी साठवलेली यादी आणली, त्याचं नाव काढलं, तिचं 'सौ.' बदललं आणि त्याच खुणेवर नवी यादी साठवली. प्रोग्रामनं विचारलं, जुनी बदलू का? मी 'हो' म्हटलं. खात्रीसाठी दोनदा बटण दाबून पाहिलं. नाव गेलं होतं. वरचा मजकूर अजून ठरायचा होता, म्हणून ते उद्या येतो म्हणून गेले. तीन वाजता रोजच्यासारखी लाईट गेली, चारला आली, मी इतर कामं उरकली आणि संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं आले. मी दोन अक्षरं टाईप करून बटण दाबलं. चौथ्या जागेवर तो होता. त्याच्याखाली ती, 'सौ.' लावून.

"हे काय, ताई?" दीर म्हणाला.

"राहिलं असेल," मी म्हटलं आणि पुन्हा सगळं केलं. माझ्या हातून असं काही राहत नाही. कानशिलं तापली. या वेळी चार वेळा तपासलं.

तिसऱ्या दिवशी वरचा मजकूर सांगायला बाई एकटी आली. बटण दाबताना माझं बोट घुटमळलं, हे मी कबूल करते. यादी सरसर उतरली आणि चौथ्या जागी तोच. दुकानाची किल्ली माझ्याकडे, कॉम्प्युटरला हात लावणारी मी एकटी. आणि मग मी एक मोठी चूक केली. माझ्या तोंडाला लगाम नाही.

"मावशी, मी रोज काढते आणि हा रोज परत येतो!"

बाई स्टुलावरून उठली. माझ्या खुर्चीमागे, तो उभा राहिला होता तिथेच उभी राहिली. पडद्यावरच्या त्या ओळीकडे बघत म्हणाली, "त्याला ठावं हाय. त्याला नाय जायचा."

दोन दिवसांत ही गोष्ट अर्नाळ्यात पसरली. बाई दिराला म्हणाली, नाव छापायचं तर 'आपले नम्र' मध्येच छापायचं, माणूस येतोय. दीर माझ्या टेबलाशी येऊन हात जोडून उभा राहिला. लग्न दहा दिवसांवर, पत्रिका वाटायच्या राहिलेल्या, मुलाकडचे विचारतायत की मुलीला बाप आहे की नाही. "तुमच्या मशिनीनं माझ्या घरात आग लावली," तो म्हणाला. त्याचं खरं होतं. मशिनीनं नव्हे, मी.

त्या दिवसांत मला त्या खोलीत एकटीनं बसवेना. सकाळी शटर उघडलं की आत सुक्या बोंबलांचा वास यायचा. बाईच्या पाटीचा असेल, असं मी मनाला समजावायची. पण पाटी दुपारी यायची आणि तिच्याबरोबरच जायची. टाईप करता करता मी एकदम मागे वळून बघायची. मालक हसायचे. मला स्वतःची चीड यायची आणि तरी मी वळायची.

शेवटी चिडूनच शोधायला बसले. आदल्या दिवशी सकाळी अकरा वाजता एका क्लासचा पत्ता मी असाच साठवला होता. तो आणायला गेले तर मिळेना. आदल्या संध्याकाळी पाचला साठवलेला दुसरा पत्ता मात्र जागेवर होता. मी कागद घेतला आणि काय केव्हा साठवलं ते आठवून लिहीत गेले. तीनच्या आधीचं सगळं गेलेलं, चारनंतरचं सगळं राहिलेलं.

त्या महिन्यात लाईट रोज तीनला जायची. आधी यूपीएस दहा मिनिटं तग धरायचा, तेवढ्यात मी सगळं नीट बंद करायची. त्याची बॅटरी मेली होती आणि मालक 'आणू, आणू' करत होते. म्हणजे सगळं उघडं असतानाच पडदा विझायचा.

मी माझं स्वतःचं नाव एका खुणेवर साठवलं. बटण दाबलं, माझं नाव आलं. मग प्लग खेचला. पुन्हा चालू करून तीच अक्षरं टाईप केली, बटण दाबलं. काहीच नाही. मी तिथे कधी नव्हतेच. पुन्हा नाव साठवलं, या वेळी प्रोग्राम नीट बंद केला, मग प्लग खेचला. चालू केलं तर मी होते. हा प्रोग्राम साठवलेल्या याद्या बंद होताना लिहून ठेवत होता. त्याआधी लाईट गेली तर दिवसभरात केलेलं सगळं पुसलं जायचं आणि जुनं होतं तसं परत यायचं. एवढंच होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी एकटीच मोठ्यानं हसले.

दुसऱ्या दिवशी अडीचला बाई आली. दीर समोरच्या टपरीवर चहा घेत थांबला, त्या दिवशी छपाई सुरू करायचीच होती. मी तिला सगळं माझं नाव वापरून करून दाखवलं. तिनं नीट ऐकलं.

"म्हंजे तीनच्या आधी ह्याला नीट बंद केला तर तो येनार नाय?"

"नाही येणार."

"आनि नाय केला तर?"

"तर येईल," मी म्हटलं. "रोज येईल."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मी त्याचं नाव काढलं, वर 'कै.' लावून घेतलं, तिचं 'सौ.' बदललं, यादी साठवली. "बंद करू?" विचारलं. ती घड्याळावरून नजर काढेना. मला कोणासाठी थांबता येत नाही, बसची वाट बघतानाही मी तणतणते. त्या दिवशी मी थांबले. पावणेतीन झाले, मग तीनला पाच कमी. पंखा गरगरत होता. ती आपल्या बांगड्या मनगटावर मागे-पुढे सरकवत होती. मी मनातून देवाला सांगत होते की आज लाईट लवकर जाऊ दे, म्हणजे मला काही करायलाच नको.

"पोरगी बोलली, आये, लग्नात मी सारखी दाराकडं बघत ऱ्हाईन," ती अखेर म्हणाली. "चार वर्सं मीच तिला सांगत आले, येतील म्हनून." ती थांबली. "तिनं मांडवात दाराकडं बघायला नको, बाय. कर बंद."

मी प्रोग्राम बंद केला. दोन मिनिटांनी लाईट गेली. पडद्यावरचा उजेड मधोमध एका ठिपक्यात गोळा झाला आणि विझला. यूपीएसनं एकदा टूं केलं. दारातून येणाऱ्या अंधुक उजेडात आम्ही दोघी तासभर बसून राहिलो. ती रडली असेल तर मला ऐकू आलं नाही. माझ्या खुर्चीमागे कोणी उभं नाही हे मला पक्कं माहीत होतं, आणि मी एकदाही मागे वळले नाही.

चारला पंखा फिरू लागला. मी कॉम्प्युटर चालू केला.

"बघ," ती म्हणाली.

मी दोन अक्षरं टाईप करून बटण दाबलं. यादी उतरली. तिसऱ्या नावाखाली ती आली, 'श्रीमती' लावून.

"अजून एकदा."

मी पुसून पुन्हा दाबलं. तेच.

मग तिसऱ्यांदा मी माझ्या मनानंच दाबलं. त्यानंतर चौथ्यांदाही. तेव्हा तिनं माझा हात धरून बटणावरून बाजूला केला. तिच्या बांगड्या माझ्या मनगटाला थंड लागल्या.

"ऱ्हाऊ दे, बाय," ती मला समजावत म्हणाली. "गेला तो."