शुक्रवारची शिफ्ट

जुनी सॉफ्टवेअरं नव्या व्हर्जनवर आणून देणं हा माझा धंदा. औरंगपुऱ्यात दोन खुर्च्यांचं ऑफिस आहे. या कामात माझा हात कुणी धरू शकत नाय, हे मी तोंडावर सांगते. कोड नव्या व्हर्जनवर टाकला की शेकड्यानं एरर येतात आणि भल्याभल्यांचे चेहरे पडतात. घाबरायचं कशाला? पहिली एरर नीट केली की तिच्यामागच्या वीस गुमान निघून जातात.

वाळूजच्या एका कारखान्याचं काम आलं. तिथं तयार होणाऱ्या पार्टची तपासणी ज्या प्रोग्रॅममध्ये नोंदवतात, तो तिथल्याच एका सुपरवायझर काकांनी स्वतः शिकून लिहिलेला. काका पाचोडचे, म्हणजे माझ्याच गावचे. कारखान्याच्या साहेबांनी बजावलं होतं: शनिवारी पहिल्या शिफ्टला प्रोग्रॅम चालला तर ठीक, नाहीतर पुण्याहून तयार आणू. तसं झालं की काकांचं टेबल जाणार आणि रिटायरमेंटला दोन वर्षं उरलेली असताना परत मशीनवर उभं राहायचं. गुडघे तर पार गेलेले. मला लई राग आला साहेबांचा.

वाळूजला शुक्रवारी सुट्टी. मशीनं बंद, म्हणून त्याच दिवशी बसलो. नातवाला डॉक्टर तपासत असावा, तशा काळजीनं काका स्क्रीनकडं बघत होते. दुपारपर्यंत एकच एरर उरली. कंपायलर, म्हणजे कोड चालण्याआधी तो तपासणारा प्रोग्रॅम, विचारत होता: आजची शिफ्ट रिकामी निघाली तर काय करू? तिथं एक उद्गारचिन्ह टाकलं, म्हणजे 'रिकामी निघणारच नाय' अशी हमी दिली, की तो गप्प बसतो. शिफ्टशिवाय कारखाना असतो व्हय? टाकलं चिन्ह. एरर शून्य.

साहेबांना ऐटीत बोलावलं आणि बटण दाबलं. प्रोग्रॅम उघडला अन् लगेच बंद पडला. परत दाबलं, परत तेच.

"मी म्हणत नव्हतो?" साहेबांनी फोन काढला. "पुण्याला कळवतो."

मी कोड वरखाली केला आणि काकांवरच उखडले. "काका, आजचा शुक्रवार कुठंय यात? सहाच दिवस लिहिलेत तुम्ही!"

"अगं बाई, शुक्रवारी वाळूजला काम कोण करतं? इतक्या वर्षांत त्या दिवशी हा कुणी उघडलाच नाय."

"म्हणजे चूक यांचीच," साहेब म्हणाले. काकांनी मान खाली घातली.

मी नुसती गप्प राहिले असते तरी भागलं असतं. पण कंपायलरनं मला नेमकं हेच विचारलं होतं आणि मीच त्याचं तोंड दाबलं होतं.

"नाय साहेब. चूक माझी." हे म्हणायची मला सवय नाय.

उद्गारचिन्ह काढलं आणि लॅपटॉप काकांपुढं सरकवला. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत त्यांनी शुक्रवार लिहिला आणि त्यापुढं सुट्टी. या खेपेला प्रोग्रॅम उघडला आणि उघडाच राहिला. आम्ही चाचणीचे चार पार्टही नोंदवून बघितले.

"मॅडम, पुढं काही अडलं तर तुम्ही याल ना?" साहेबांनी विचारलं.

"माझ्याशिवाय चालेल, साहेब. यांच्याशिवाय नाय."

साहेबांनी फोन खिशात टाकला. "काका, उद्या सकाळी तुमच्या टेबलाशी बसा."

"व्हय साहेब," काका म्हणाले, आणि माझ्यादेखत रडले.