सासऱ्यासाठी आणलेली मोसंबी

मुलांनो, त्या दिवसाची गर्दी तुम्ही तिकडे फोनवर पाहिलीत: तिरंग्यातली पेटी, पुढाऱ्यांच्या गाड्या, घाटनांदूरच्या रस्त्याला लागलेली माणसांची रांग. मला सांगायचं आहे ते आदल्या दिवसाचं.

त्या पेटीतला तो आपल्या घरामागच्या ऊसतोड्यांचा मुलगा. दसरा झाला की त्याचे आईवडील कारखान्याकडे जात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतत. तेवढे महिने तो आजोबांजवळ राही आणि संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येई. इंग्रजी त्याला कधीच आवडलं नाही. भरतीसाठी मात्र रोज पहाटे अंबाजोगाईच्या रस्त्याने पळे. फौजेत लागल्यावर आईला म्हणाला, "आता कोयता ठेव."

"मी ठेवला तर तुझ्या बापाला मुकादम कशाला नेईल? नवराबायको मिळून एक कोयता धरतेत." ती जातच राहिली.

सीमेवर लढाई पेटली तेव्हाही दोघं उसाच्या फडातच होती. बातमी सरपंचांच्या फोनवर आली. लांबच्या माणसाला मरण कळवायचं नाही, आजारपण सांगून घरी आणायचं, ही आपल्याकडची रीत. आजारी कुणाला पाडायचं, ते त्याच्या म्हाताऱ्या आजोबानेच ठरवलं.

"माझं नाव सांगा. माझं वय हाय. तिला पटंल."

फोन मी केला.

"बाई, मामंजी बोलतेत का?"

"बोलतात."

"मग त्यांला म्हणावं, मी येईस्तोवर थांबा. जलमात माझं एक ऐकलं न्हाई, एवढं तरी ऐका."

मी निरोप पोचवला. म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला.

ती घरात येईपर्यंत त्याने आत गोधडी घेऊन पडून राहायचं, मग बायकांनी तिला धरायचं, असं ठरलं होतं. पण वळणावर जीप दिसली आणि तो उठून बाहेर आला. आम्ही त्याला आत चला म्हटलं.

"नातू गेलाय माझा. आन् मी निजून सोंग करू व्हय?"

ती जीपमधून उतरली. अंगावर फडातलंच लुगडं, पदराला उसाचं पाचट चिकटलेलं, हातात मोसंब्यांची पिशवी. सासऱ्याला रस्त्यात उभा पाहून तिचा चेहरा क्षणभर खरंच उजळला.

"मामंजी, तुमी तर हिंडताय की."

म्हाताऱ्याने डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दारात जमलेल्या बायकांकडे. पिशवी हळूच खाली ठेवली, मोसंबी घरंगळू नयेत अशी.

"मग कोन?" ती म्हणाली.

तिचा नवरा अजून जीपमधून उतरायचा होता.