लेखक : अज्ञात

कॉलेजच्या ग्रंथालयात मी पुस्तकांच्या नोंदी करतो. एका दुपारी, खारा वारा पानं उलटत असताना, नातीच्या प्रवेशासाठी आलेली एक म्हातारी माझ्यासमोर टेकली. टेबलावर एका विद्यार्थिनीने जमवलेल्या भातलावणीच्या गाण्यांची वही होती. मी सहज एक ओळ वाचली. तिने डोळे मिटले आणि बोटांनी हवेत रोपं लावत पुढची म्हटली. मग वहीत नसलेली कडवीही.

"त्या चेडवाक मियाच सांगलंय," वही लिहिणाऱ्या मुलीबद्दल ती म्हणाली. "नाव कोणाचा घातलंस?"

"अज्ञात. म्हणजे कोण ते माहीत नाही."

ती खळखळून हसली. "म्हायत नाय कसा रे झिला? मी आचऱ्याक आसंय. बसान येवक अर्धो तास लागता!"

"बदलतो, आजी."

बदललं नाही. खरं सांगतो, अक्षर न येणाऱ्या बाईला लेखक म्हणायला माझं मन धजलं नाही. वर्षं गेली, पण ती बोटं डोळ्यांसमोर हलतच राहिली.

आज ती नोंद उघडली, 'अज्ञात' खोडलं आणि थांबलो. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं.

खिडकीबाहेर आचऱ्याची बस उभी होती. मी वही उचलली.