नव्या भिंतीतला कोनाडा

तिसगावला आम्ही घर बांधलं तेव्हा मला तिसावं लागलं होतं, आणि त्याआधी मी घर म्हणावं अशा घरात कधी राहिलेच नव्हते. मानमोडीच्या तापाच्या साथीत आईबाप गेले तेव्हा मी चार वर्षांची असेन. कुणीतरी मला नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात आणून सोडलं. तिथंच वाढले, शिकले, तिथूनच लग्न होऊन निघाले. नवरा मास्तर. लग्नानंतरची नऊ-दहा वर्षं बदलीच्या गावांत गेली. कुठं शाळेमागची खोली, कुठं कुणाची पडवी. मूलबाळ अजून नव्हतं.

महायुद्ध चालू होतं. पत्रे मिळत नव्हते, सिमेंटचं तर नावच नको. म्हणून कच्च्या विटांच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, अशा तीन खोल्या उभ्या राहिल्या. सासूबाई थोरल्या दिरांकडं, नेवाशाच्या बाजूला असायच्या. आमचं घर झालं तशा त्या आमच्याकडं आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

घर मीच सजवणार असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पण सजवायचं म्हणजे काय करायचं, ते मला ठाऊक नव्हतं. मला येत होतं ते बोर्डिंगातलं. भिंतींना चुन्याचे दोन हात दिले, नीळ घालून. दोन खाटा भिंतीला समांतर लावल्या, वर पांढऱ्या चादरी ताणल्या. खुंट्या वीत मोजून सारख्या अंतरावर ठोकल्या. दारासमोर पुठ्ठ्यावर बायबलातलं एक वचन लिहून टांगलं.

आठ दिवसांनी एक बाई कडेवर पोर घेऊन सरळ आत आली आणि खाटेच्या कडेला टेकली. पोराचा कान फुटला होता.

"दागदर कवा येत्यात?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "बाई, हा दवाखाना नाही. हे आमचं घर आहे."

तिनं चारी भिंतींवरून नजर फिरवली. "घर हाय? मग घरावानी काय बी कसं न्हाई?"

तिला दवाखान्याची वाट दाखवून मी परत आले. संध्याकाळी मास्तरांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. मीही हसले, पण त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर राहीना. ट्रंक या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ओढायची. खाट खिडकीखाली न्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीशी आणायची. वचन उतरवून दुसऱ्या खोलीत लावायचं. काहीतरी चुकतंय एवढंच कळायचं. मास्तर शाळेतून आले की दारातच थांबून विचारायचे, "अगं, आज बसायचं कुठं?"

मग मला मिशनच्या मडमेचा बंगला आठवला. बोर्डिंगात असताना दर शनिवारी आम्ही मुली तिथं धूळ झटकायला जायचो. तिथले पडदे, टेबलावरचं विणलेलं कापड, फुलदाणी. मला वाटलं, घर म्हणतात ते हेच असणार. ट्रंकेतून माझी लग्नाची पांढरी साडी काढली, कापली आणि तिचे चार पडदे शिवले. मास्तरांनी ते पाहिले. बोटांनी नुसता काठ चाचपला. टेबलावर मी क्रोशाचं कापड घातलं, पितळी तांब्यात झेंडू ठेवले. दोन दिवस बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं की आत्याबाई पुढच्या खोलीत येतच नाहीत. मागच्या दारानं बाहेर पडायच्या आणि दिवसभर लिंबाखाली बसायच्या. भाकरीसुद्धा तिथंच मागून घ्यायच्या.

"आत्याबाई, आत येऊन बसा ना."

"नको बाय. पाय मातीचे हायेत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं तर म्हणाल्या, "हितं वारं लागतंय." त्या दिवशी वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला रागच आला. मी म्हणाले, "मग मी हे सगळं कुणासाठी केलंय?"

"त्ये मी कशी सांगू?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मला वाटलं, कोन मोठं मानूस यायचं हाय."

त्यानंतर आठवडाभर आम्ही कामापुरतंच बोललो. माझं इकडचं तिकडं करणं चालूच होतं. झेंडू टाकले, कण्हेर आणली. पडदे काढले, पुन्हा लावले.

बाजाराच्या दिवशी मी मीठ-मिरची घेऊन परतले. बघते तर पुढच्या खोलीत मातीचा ढीग, टेबलावर धूळ, आणि माझ्या पांढऱ्या भिंतीत हातभर भगदाड. आत्याबाई हातात पहार घेऊन, पदर खोचून उभ्या.

"हे काय केलंत?" माझा आवाज चिरकला.

"कोनाडा."

"मला विचारायचं तरी!"

"इचारलं असतं तर तू न्हाई म्हनली असतीस." त्यांनी पहार भिंतीला टेकवली. "तीन म्हयनं झालं मला हितं येऊन. माजी मिसरीची डबी ठिवाया जागा न्हाई ह्या घरात. कमरंला खोचून हिंडते मी. दात घासाया बसलं तरी वाटतं, ही बाय आता डबी उचलून कुटं ठिवंल."

मी पिशवी तिथंच टाकली आणि बाहेर पडले. ओढ्यापर्यंत तरातरा गेले. पाणी आटलं होतं. गोट्यांवर उभी राहून मी मोठ्यानं बडबडले, एकटीच. मग सुचेना काही. भिंत तशीच टाकली तर माती ढासळत जाईल, आणि त्या म्हातारीला एकटीला गिलावा जमायचा नाही, एवढंच मनात येत राहिलं. मी परत फिरले.

त्या अजून तिथंच होत्या, बसून माती मळत होत्या. मीही बसले. चाळलेली पांढरी माती, शेण, थोडा भुसा. त्या कोनाड्याला वर गोलाई देत होत्या, मी गोळे करून हातात देत होते.

मग त्यांनी विचारलं, "तुज्या आईच्या घरी कोनाडा हुता का?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. बोर्डिंगात आम्हा साऱ्यांचीच आई गेलेली, त्यामुळं कुणी कुणाला विचारायचं नाही. मी म्हणाले, "मला काही आठवत नाही. एवढंच आठवतं की दारातून आत उतरावं लागायचं. माझा पाय पोचायचा नाही."

आत्याबाईंचा हात थांबला. "म्हंजी उंबरा उंच हुता. पावसाचं पानी शिरत असंल. तुज्या आईनंच केला असंल त्यो, माती थापून. पुरुष मानसाला हे सुचत न्हाई."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. माझ्या आईनं काही केलं असेल, ओल्या मातीत हात घातला असेल, असं माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. माझ्यासाठी ती फक्त मेलेली होती. मला रडू आलं. हात मातीचे होते, म्हणून पुसता येईना.

"आणखी काय असेल तिच्याकडं?" मी विचारलं.

"आता मी का बगितलं हुतं व्हय!" त्या म्हणाल्या. पण लगेच पुढं बोलू लागल्या. "उतरंड असंल कोपऱ्यात. तिला चुन्याची बोटं वढलेली. आन् खाली भितीला गेरूचा पट्टा, हात लागून भित मळती म्हून."

दुपार कलेपर्यंत कोनाडा झाला. त्यांनी वरच्या गोलाईवर ओल्या मातीची दोन पाखरं केली आणि फुटक्या काकणांचे तुकडे डोळे म्हणून बसवले. मला ती पाखरं कोंबड्यांसारखी दिसली. मी तसं म्हणाले नाही.

पुढचे कित्येक दिवस मी त्यांना विचारत राहिले आणि त्या सांगत राहिल्या. त्या सगळं मनानंच रचत होत्या, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी सांगावं आणि मी उठून करावं, असं चाललं. कुंभाराकडून गाडगी आणून उतरंड लावली. पडदे उतरवून ठेवले. दोन वर्षांनी मुलगी झाली तेव्हा त्या पडद्यांची झबली झाली. माझं हलवाहलव करणं थांबलं नाही, ते आजही थांबलेलं नाही. पण आत्याबाई पुढच्या खोलीत पाय पसरून बसू लागल्या, आणि मला त्यांना ओलांडून ट्रंक ओढावी लागू लागली.

गेरूचा पट्टा मी एकटीनं ओढला. मास्तर शाळेतून आले तेव्हा मी गुडघ्यांवर बसून शेवटचा कोपरा करत होते. त्यांनी चपला काढल्या आणि भिंतीकडं बघत उभे राहिले.

"हे कुणाकडून शिकलीस?"

"आईकडून," मी म्हणाले.

माझं सगळं आयुष्य त्यांना ठाऊक होतं. ते वाकून म्हणाले, "उजवीकडं जरा खाली गेलाय."

"जाऊ दे," मी म्हणाले, आणि कुंचा पुन्हा गेरूत बुडवला.