चिखल्यांची हळद

मागच्या पावसाळ्यात स्तनाच्या कॅन्सरसाठी मला किमोच्या सुया सुरू होत्या. दर तीन आठवड्यांनी नवरा मला नागभीडहून चंद्रपूरला न्यायचा. डॉक्टरांशी तोच बोलायचा. मला बाहेरच्या बाकावर बसवायचा. ज्याचं दुखणं, त्याच्यासमोर ते बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

तिसऱ्या सुईनंतर पायांना मुंग्या आल्या, मग तळवे बधिर झाले. रोवणीचे दिवस होते आणि मीही घरच्या धानाच्या बांधीत तासभर चिखलात उभी राहायची. "चिखल्या झाल्या वाटते," मी म्हटलं. "चिखल्याच आहेत," नवरा म्हणाला आणि माझ्या बोटांच्या बेचक्यांत हळद-तेल भरू लागला. रोज भरायचा. माझं किती करून राह्यला, असं मला वाटायचं.

सुया संपल्या तेव्हा मला धड चालता येईना. डॉक्टरांनी मलाच आत बोलावलं. "या औषधानं नसा मरतात; मुंग्या आल्या की लगेच सांगा, औषध बदलता येतं, असं मिस्टरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ते म्हणाले. नवरा भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होता.

बाहेर आल्यावर म्हणाला, "औषध बदललं अन् गाठ वाढली असती त? मले भेव वाटलं."

भेव त्याला होतं, तर पाय त्याने स्वतःचे द्यायचे होते.

परवा माझे पाय धुताना त्याला तळव्यात बाभळीचा काटा सापडला, आत पिकलेला. मला कळलाच नव्हता. तो माझ्यावरच चिडला.

"एवढा काटा रुतला, अन् तू मले सांगितलं काऊन नाई?"