बटाट्याएवढी अक्षरं

असिलकान एजेंना घाबरत नाही असा माणूस आमच्या कोच्कोरकडच्या गावात नाही, आणि त्यात मीही आले. एजे म्हणजे थोरली बहीण, मोठ्या बाईला आम्ही मानाने असंच म्हणतो. पण ही बहीण वाचनालयात बसते, आणि चिखलाच्या बुटांनी कुणी आत आला तर आल्या पावली परत जातो. बत्तीस वर्षं तिने गावाला पुस्तकं वाटली. मग जिल्ह्याहून एक टॅबलेट आला, त्यात चारशे पुस्तकं, आणि बाईंच्या अंगातच आलं. तिने आम्हा म्हाताऱ्यांचा वर्ग काढला.

"पान तुमच्यासाठी आहे, तुम्ही पानासाठी नाही," हे तिचं पालुपद. दोन बोटं फाकवा, अक्षर वाढतं. चिमटा घ्या, कमी होतं. ओळींमधलं अंतर, कडेचा समास, सगळं आपल्या डोळ्यांना सोसेल तसं करून घ्या. मी लोकरीच्या नमद्याचे गालिचे शिवते, म्हणून पहिल्याच दिवशी समास असा ऐसपैस सोडला की मधे मजकुराची नुसती पट्टी उरली.

"बातमा, हे पान आहे की गालिचा?"

"एजे, किनारीशिवाय गालिचा कोण घेतं?" मी म्हटलं. तिने कपाळाला हात लावला.

पण खरी गोची वेगळीच होती. विद्यार्थी सात, टॅबलेट एक. तो चहासारखाच फिरायचा, दारासमोरच्या मानाच्या जागेवरून, वयाच्या उतरंडीने. मानाच्या जागेवर तुर्दुकुल अक्सकल, म्हणजे गावातले सगळ्यात वडीलधारे, वय एक्क्याऐंशी. ते अक्षरं बटाट्याएवढी करायचे. एका पानावर दीड शब्द. मग टॅबलेट पुढे यायचा आणि वडीलधाऱ्याने लावलेली अक्षरं लहान करायला कुणाचा हात धजायचा नाही. वडिलांनी मांडलेली चूल कुणी हलवतं का? एक वाक्य संपेपर्यंत आम्ही वीस पानं उलटायचो, आणि शेवटी कर्त्याचं काय झालं ते विसरायचो.

"अक्सकल, या लोकांना सांगा हो," एजे काकुळतीला यायची.

"मी कुणाचा हात धरलाय?" ते म्हणायचे. तेही खरंच होतं.

रांगेत सगळ्यात शेवटी त्यांची सून सोनुन. आमच्याकडे सुनेची रीतच अशी, की सत्तावीस वर्षांत तिने सासऱ्यांचं नाव उच्चारलं नाही की त्यांच्याकडे पाठ केली नाही. खोलीतून बाहेर जाताना अजून उलटी चालत जाते, आणि वाचनालयाच्या दारात दोनदा घडवंचीवर आपटली आहे. वर्गात सगळ्यात हुशार तीच, पण तिच्यापर्यंत टॅबलेट येईतो वर्ग सुटायचा.

मग निरोप आला. शुक्रवारी जिल्ह्याच्या निरीक्षक बाई येणार. प्रत्येकाने आपल्या डोळ्यांपुरतं पान लावून चार ओळी वाचायच्या. नाही जमलं तर वर्ग बंद, टॅबलेट त्याच गाडीतून परत. एजे त्या दिवशी ओरडलीच नाही. "तो गेला तर मी परत धूळच झटकणार," एवढं बोलली. मला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी निरीक्षक ऐजामाल बाई आल्या, तिशीच्या, टापटीप. पाहुणी म्हणजे सगळ्यांच्या वर. अक्सकलांनी स्वतः उठून तिला मानाची जागा दिली, आणि टॅबलेट पहिला तिच्या हातात गेला. तिने सहज चिमटा घेतला, अक्षरं मुंगीएवढी केली, दोन ओळी वाचल्या आणि टॅबलेट अक्सकलांना दिला.

एजेच्या तोंडचं पाणी पळालं. मला कळेना का. मग कळलं. पाहुण्याने लावलेलं पान अक्सकल बदलतील होय?

ते वाचायला लागले. म्हणजे बोलायला लागले. "एक होता घोडा," म्हणाले, "तपकिरी. फार गुणी. एकोणीसशे अडुसष्ट साली मी तो..."

पुस्तक मधमाश्या पाळण्याचं होतं.

निरीक्षक बाई वहीतून वर बघायला लागल्या. घोडा खिंडीपर्यंत पोचला आणि अडला. अक्सकलांनी पापण्या मिटून उघडल्या, टॅबलेट नाकाला लावला, लांब धरला. इतका ताठ माणूस असा पाहवेना. एजे भिंतीला टेकून उभी होती, आणि नियम असा की तिने मदत करायची नाही.

तेवढ्यात सोनुन उठली. सरळ चालत सासऱ्यांसमोर गेली, खाली बसली आणि दोन बोटांनी पान फाकवलं.

"थोडं अजून, बाळ," अक्सकल म्हणाले.

तिने अजून मोठं केलं. त्यांनी मधमाश्यांच्या चार ओळी खणखणीत वाचल्या, मग टॅबलेट पुढच्याला देताना म्हणाले, "हे माझ्या डोळ्यांचं. तू तुझं लाव."

मग काय, सगळ्यांनी लावलं. मी किनार सोडली, पण बेताची. सोनुनने तर चारच्या जागी दोन पानं वाचली, कुणी थांबवेना. निरीक्षक बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, चहा घेतला आणि रिकाम्या हाताने गाडीत बसल्या.

एजे टॅबलेट छातीशी धरून दारात उभी होती. नाक ओढत होती. मी म्हटलं, "एजे, रडताय?"

"बूट काढ आधी," ती म्हणाली.

सोनुन जायला निघाली, सवयीने उलटीच. अक्सकल म्हणाले, "सरळ जा गं, घडवंची आहे मागे." ती थबकली, वळली आणि त्यांच्याकडे पाठ करून घरी गेली.